अंगणवाडीची पहिली नोंदवही

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला मुलांना खेळवण्या-शिकवण्याइतकेच लिहिण्याचेही काम आले आहे. २०१२ साली नोंदवह्यांचा सुधारित नमुना आला आणि त्यांची संख्या अकरा ठरली. आहाराचा साठा, आहाराचे वाटप, पूर्वशालेय शिक्षण, गरोदरपण व प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा (दवाखान्यात पाठवलेल्यांची नोंद), वजन आणि मासिक-वार्षिक गोषवारा या दहा वह्या, आणि त्या सर्वांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, कुटुंब नोंदवही. आज यातील बरीचशी माहिती मोबाइलमधील पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर भरली जाते, तरी पहिल्या वहीचे स्थान बदललेले नाही, कारण तेथेही आधी कुटुंब आणि मगच लाभार्थी असा क्रम आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम करताना माझ्या लक्षात आले की, तपासणीला येणारे अधिकारी बहुधा साठ्याची वही आधी मागतात. तिच्यात पैशांचा हिशोब असतो, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. कुटुंब नोंदवही मात्र एप्रिलमधील सर्वेक्षणानंतर कव्हर घालून पेटीत ठेवली जाते आणि पुढच्या सर्वेक्षणालाच बाहेर येते. माझ्या मते अंगणवाडीच्या लिखापढीतील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे. जे मूल पहिल्या वहीत नाही, ते वजनाच्या वहीत येत नाही, लसीकरणाच्या यादीत येत नाही आणि त्याच्या वाट्याचा आहारही कोणी मागत नाही. मग ते मूल गावात असूनही कागदावर जन्मालाच आलेले नसते.

पहिली अडचण कुटुंब कोणाला म्हणायचे येथूनच सुरू होते. जनगणनेत एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब असे धरतात आणि अंगणवाडीसाठीही हीच व्याख्या सोयीची आहे. परंतु आमच्या भागात तीन भाऊ एका वाड्यात राहतात, रेशन कार्ड अजून थोरल्याच्या नावावर असते, उसाचे बिल एकत्र येते आणि चुली मात्र दोन वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या असतात. सेविका रेशन कार्ड पाहून नोंद करते तेव्हा चौदा माणसांचे एकच कुटुंब तयार होते आणि धाकट्या जावेचे सात महिन्यांचे बाळ त्या चौदांत हरवून जाते. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात सासऱ्याचे नाव, फोन नंबर थोरल्या दिराचा आणि बाळाच्या आईची ओळख ‘सून’ एवढीच. अशा नोंदीवरून पुढे कोणाला निरोप द्यायचा आणि बाळाला काय भरवले हे कोणाला विचारायचे, हे कळत नाही. म्हणून रेशन कार्डाचा क्रमांक जरूर लिहावा, पण कुटुंब चुलीप्रमाणे पाडावे आणि प्रत्येक लहान मुलासमोर त्याला दिवसभर प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती कोण, हे समासात का होईना लिहून ठेवावे. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, आणि माझ्या दृष्टीने ती त्या नमुन्यातील मोठी उणीव आहे.

नावांचा प्रश्न याहून किचकट आहे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलते, निदान वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव येते. आधार कार्ड आणि बँकेचे खाते माहेरच्या नावाने, रेशन कार्ड सासरच्या नावाने, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर घाईत सांगितलेले तिसरेच काही, ही स्थिती घरोघरी आढळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. अर्ज अडकतो तो पुष्कळदा नाव आणि खाते जुळत नाही म्हणून. सेविकेने गरोदरपणाची पहिली नोंद घेतानाच दोन्ही नावे, कोणते नाव कोणत्या कागदावर आहे या तपशिलासह, लिहून घेतली तर दुरुस्तीला सहा-सात महिने हाताशी राहतात. प्रसूतीनंतर ओली बाळंतीण आधार केंद्राच्या रांगेत उभी राहू शकत नाही.

मुलाच्या नावाबाबतही हेच. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि नाव ठरलेले नसले तरी ती करता येते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. पुष्कळ घरांत पहिले पाऊल पडते आणि दुसरे राहून जाते. मग मुलाला पाळण्यातले एक नाव, हाक मारायचे दुसरे आणि शाळेत घालताना सुचलेले तिसरे, असा प्रकार होतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांना जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा आधार धरला जाणार आहे, त्यामुळे ही ढिलाई आता परवडण्यासारखी नाही. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात आधी बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासनाने ठरवून दिला आहे. जुन्या सवयीने वडिलांचेच नाव मधे लिहिणाऱ्या सेविका मला अजून भेटतात. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरातील मुलीला अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत. म्हणजे आज लिहिलेले नाव अठरा वर्षांनी कोणीतरी ताडून पाहणार आहे, आणि तेव्हा ते लिहिणारी सेविका निवृत्त झालेली असेल.

आता जन्मतारीख. हा विषय किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त चुका येथे होतात आणि त्या सर्वांत महागात पडतात. बाळंतपण माहेरी झालेले असते, दवाखान्याचा कागद तिकडेच राहिलेला असतो आणि सर्वेक्षणाच्या दिवशी घरात आजी एकटी असते. ती सांगते, “बाई, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालाय बघा.” सेविका पंचांग पाहून तारीख टाकते. परंतु आमच्या जिल्ह्यात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोन आहेत. शिरोळ-हातकणंगल्याच्या सीमेलगतच्या भागात ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर होतो आणि इतर ठिकाणी आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर. सून शिरोळची आणि सासर करवीरचे असेल, तर आजी कोणता बेंदूर सांगते आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि दोहोंत महिन्याचे अंतर पडते.

महिन्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार पाच महिने पूर्ण झालेल्या मुलग्याचे वजन सहा किलोंच्या खाली गेले तर तो कमी वजनाचा ठरतो. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलग्यासाठी हीच रेषा ६.४ किलोंवर आहे. म्हणजे ६.२ किलोंचे बाळ एका तारखेप्रमाणे हिरव्या पट्ट्यात राहते आणि दुसऱ्या तारखेप्रमाणे पिवळ्यात जाते. शिवाय सहा महिन्यांपासून बाळाला घरपोच आहार सुरू होतो आणि आईला वरचे अन्न सुरू करण्याविषयी सांगण्याची वेळही हीच असते. एका महिन्याच्या चुकीमुळे आहार उशिरा सुरू झाला, तर ज्या महिन्यात वजन घसरण्याची शक्यता सर्वाधिक, तोच महिना हातचा जातो. तेव्हा तारखेसमोर तिचा आधारही लिहावा. ‘जन्म प्रमाणपत्र पाहिले’, ‘माता-बाल संरक्षण कार्ड पाहिले’ किंवा ‘आजीने सांगितले, कागद माहेरी’, एवढे तीन-चार शब्द पुरतात. शेवटच्या प्रकारच्या नोंदी वेगळ्या काढून महिन्याभरात कागदावरून पक्क्या करून घ्याव्यात. माहेर निपाणी किंवा चिकोडीकडचे असेल तर तिकडचे कार्ड कन्नडमध्ये असते, पण आकडे बहुतेक वाचता येतात आणि गावात कन्नड वाचणारी एखादी सून निघतेच.

यावरून मी सेविकांना एक सवय लावण्याचा नेहमी आग्रह धरत असे, ती म्हणजे पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले या तीन गोष्टी लिहिताना वेगळ्या ठेवणे. गृहभेटीच्या वहीत तर याची फार गरज असते. तेथे पुष्कळदा वाक्य असते, ‘आई आहाराबाबत निष्काळजी आहे, समज दिली.’ या नोंदीचा पुढच्या भेटीला काडीचा उपयोग नाही, आणि त्या आईने कधी वही वाचली तर ती पुन्हा अंगणवाडीची पायरी चढणार नाही. अशाच एका भेटीची नोंद दुसऱ्या एका सेविकेने अशी केली होती: ‘दुपारी १२ वाजता भेट. बाळ आजीजवळ. आई भांगलणीस गेली आहे, सायंकाळी ६ नंतर येते. सकाळपासून दोन वेळा पेजेचे पाणी दिले, घट्ट काही नाही. थोरल्या नातवाला घास अडकला होता म्हणून आजी घट्ट भरवण्यास घाबरते. पुढची भेट सायंकाळी, आई व आजी दोघींसमोर मऊ भात कुस्करून भरवून दाखवणे.’ या सेविकेचे अक्षर वाईट होते आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. तरी तिची वही मी बैठकीत इतरांना दाखवत असे, कारण तीत अडचण कोठे आहे आणि पुढे काय करायचे, हे तिच्या बदलीवर येणाऱ्या बाईलाही समजले असते.

याच्या उलट टोकाला वजनाची ती वही, जिच्यात प्रत्येक मूल दरमहा नेमके दोनशे ग्रॅमने वाढलेले असते. मुले अशी वाढत नाहीत. ताप येतो, दात येतात, जत्रेला जाऊन आल्यावर पोट बिघडते आणि काटा मागे सरकतो. ज्या वहीत कधीच कोणाचे वजन घटत नाही, ती वही वजनकाट्यापासून दूर बसून भरलेली असते. तपासणीच्या आधी पेन्सिलीने आकडे भरून ठेवणे आणि पांढरी शाई लावून दुरुस्ती करणे हेही याच जातीचे. खोडायचे असेल तर एकच आडवी रेघ मारावी, जुना आकडा वाचता यावा, शेजारी नवा लिहून तारीख व सही करावी. दुरुस्त्या दिसणारी वही मला कोऱ्या करकरीत वहीपेक्षा नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटली आहे. हे मात्र मान्य करावे लागेल की, वजन घटलेले दिसले की सेविकेलाच जाब विचारणारी यंत्रणा असेल, तर खरे लिहिण्याची हिंमत तिच्याकडून मागणे अन्यायाचे ठरते.

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. वीटभट्ट्यांवर आणखी निराळी कुटुंबे असतात. साखर कारखान्यालगतच्या आणि शेताकडेच्या खोपींत राहणारी ही मुले गावच्या सर्वेक्षणात नसतात, कारण सर्वेक्षणाच्या वेळी ती येथे नव्हती, आणि मूळ गावच्या वहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडलेला असतो. दोन्हीकडे कागद बरोबर आणि मूल दोन्हीकडे बेदखल. या कुटुंबांसाठी वहीच्या शेवटी स्वतंत्र पाने राखून ठेवावीत आणि त्यांत मूळ गाव, तालुका, मुकादमाचा फोन, आल्याची तारीख आणि परत जाण्याचा अंदाज लिहावा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणले आहे का, हे पहिल्याच भेटीत पाहावे, आणि ते नसेल तर शेवटची लस कोणत्या महिन्यात दिली होती हे मूळ गावच्या सेविकेला फोन करून विचारावे. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद घेण्याची सोय आहे, पण ती वापरायला कोणीतरी खोपीपर्यंत चालत जावे लागते. जाताना या आयांच्या कार्डावर येथे दिलेला आहार, वजन आणि लस यांची नोंद करून कार्ड त्यांच्या हातात द्यावे. ती पाच महिन्यांची नोंद आमच्याच पेटीत राहिली तर मुलाच्या काही उपयोगाची नाही.

मोबाइलविषयी थोडे. पोषण ट्रॅकर मार्च २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल निकृष्ट आहेत आणि अ‍ॅपमध्ये मराठी नाही म्हणून परत केले. त्या आंदोलनामागे आळस नव्हता. ज्या भाषेत आई बोलते त्या भाषेत लिहिता यावे, ही मागणी नोंदीच्या शुद्धतेसाठीच होती. आता आहार घेताना चेहरा पडताळणी आणि ओटीपी आले आहेत, आणि घरातला एकमेव फोन नवऱ्याबरोबर शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला असतो. नंबर लिहिताना तो कोणाचा, घरी कधी असतो आणि शेजारचा पर्यायी नंबर कोणता, हे लिहिलेले असेल तर आहारासाठी आलेली आई रिकाम्या हाताने परतत नाही. नंबर स्वस्त योजनेच्या मागे वर्षात दोनदा बदलतात, म्हणून दर तिमाहीला तो तपासणे भाग आहे.

आता जे लिहू नये किंवा लिहिले तरी उघडे ठेवू नये, त्याविषयी. मागची बाळंतपणे विचारताना ‘मुले किती आहेत’ एवढेच विचारले की गेलेले मूल नोंदीतून सुटते, आणि ‘किती झाली’ असे सासूसमोर विचारले की बाई गप्प होते. हा प्रश्न एकांतात, बहुधा पाणी भरताना किंवा दारापर्यंत पोहोचवायला आली असता विचारावा लागतो. अशा रीतीने मिळालेली माहिती, मग ती गर्भपाताची असो, क्षयाच्या औषधाची असो की नवऱ्याने टाकल्याची असो, ज्या विश्वासाने मिळाली त्याच विश्वासाने ठेवली पाहिजे. अंगणवाडीच्या भिंतीवरील फलकावर तीव्र कुपोषित मुलांची संख्या असावी, नावे नसावीत. मुलाला वजनकाट्याच्या झोळीत बसवून काढलेला फोटो नावासह व्हॉट्सअ‍ॅप गटात पुरावा म्हणून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला साफ नापसंत आहे. त्या गटात कोण कोण आहे आणि फोटो पुढे कोठे जातो, हे कोणालाच सांगता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०२३ साली झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरून पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. शासकीय लाभासाठी काही सवलती त्यात असल्या, तरी उठसूट फोटो पाठवणे हा काही लाभ देण्याचा भाग नव्हे.

खासगी नर्सरी आणि पाळणाघरांची गोष्ट शहरात याच्या उलट दिसते. प्रवेश अर्जात वडिलांचे पद, वार्षिक उत्पन्न, दोघांचे शिक्षण असे सारे विचारतात. परंतु मुलाला कशाची ॲलर्जी आहे, ताप आल्यावर झटके आले होते का, आई-वडिलांखेरीज कोणाच्या हाती मूल द्यायचे आणि कोणाच्या हाती मुळीच द्यायचे नाही, हे विचारायला जागा उरलेली नसते. उत्पन्नाचा रकाना काढून तेथे हे चार प्रश्न घालायला छपाईचा खर्चही वाढणार नाही.

घेतलेली नोंद आईला वाचून दाखवावी, हे मात्र अंगणवाडीला आणि नर्सरीला सारखेच लागू आहे. वाचून दाखवताना चुका जागीच सापडतात. ‘बाई, ह्याचं नाव ऱ्हस्व नाही, आधारवर दीर्घ आहे’ असे मुलाचा सहावीतला भाऊ सांगतो, आणि पुढच्या दहा वर्षांचे हेलपाटे वाचतात. शिवाय आपल्या घराविषयी काय लिहिले जाते हे आईला समजते आणि पुढच्या वेळी ती स्वतःहून सांगू लागते.

सेविका बदलली किंवा निवृत्त झाली की वह्या मोजून ताब्यात दिल्या जातात आणि पोच घेतली जाते. एवढ्याने भागत नाही. जुन्या सेविकेने नवीला पहिली वही हातात घेऊन गल्लीगल्लीतून फिरवावे. ‘तालमीच्या मागे, मळ्यातले घर’ हा पत्ता जिने लिहिला तिलाच ठाऊक असतो आणि मळ्यातली घरे तर एकमेकांपासून अर्धा-अर्धा किलोमीटर असतात. वहीतील क्रमांक गेरूने चौकटीवर लिहिलेला असेल तर काम सोपे होते, दिवाळीच्या रंगकामात तो पुसला गेला असेल तर पुन्हा लिहावा.

पंचगंगेकाठच्या गावांसाठी आणखी एक काम आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कित्येक ठिकाणी वह्यांची पेटी जमिनीवर राहिल्यामुळे शाई धुऊन गेली. पहिल्या वहीच्या पानांचे फोटो मे महिन्यातच काढून पर्यवेक्षिकेकडेही ठेवावेत आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर न्यावी. त्याचबरोबर गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांखालील बाळे आणि तीव्र कुपोषित मुले असलेल्या घरांची वेगळी यादी काढावी, आणि पाणी वाढल्यास ते कुटुंब कोणत्या नातेवाइकाकडे किंवा कोणत्या शाळेत जाणार, हे प्रत्येक नावापुढे विचारून लिहावे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. ही यादी ३९ फुटांच्या आधी तयार असावी, कारण त्यानंतर माणसे भांडीकुंडी आणि जनावरे हलवण्याच्या घाईत असतात आणि कोण कोठे गेले हे सांगायला थांबत नाहीत.